रकाना पाचवा

(मालवणच्या अभ्यासकेंद्रात माझ्या जागी येणारीसाठी)

शनिवारी दुपारी येतात, बाजार उठल्यावर.
खुर्ची पुढे केलीस तरी आधी उभेच राहतील,
पिशवी पायांशी, आणि फॉर्म असा धरलेला
जणू दुसऱ्याच्या घरातलं काचेचं भांडं.

पहिले चार रकाने सोपे आहेत.
नाव. गाव. जन्मतारीख
(पुष्कळांची एक जूनच निघेल, हसू नकोस).
शाळा कधी सोडली.
पाचव्याशी पेन थांबतं :
‘पूर्वी शिकलेले काही असल्यास, पुराव्यासह.’

तुम्हाला काय येतं, असं विचारू नकोस.
मी विचारायचे. दोन वर्षं एकच उत्तर ऐकलं :
‘माका कायेक येणा नाय.’

विचार, काल पहाटेपासून काय काय केलंत.
मग गप्प बस.

इस्माईल होडेकरांनी असंच बोलता बोलता
ग्लासातल्या पाण्यात बोट बुडवून
माझ्या टेबलावर होडीचा आडवा छेद काढला,
फळ्यांची जाडी, वाक, सांध्यांसकट.
मी बघतच राहिले. पंखा चालू होता.
फोटो काढायचं सुचलं तेव्हा टेबल कोरडं होतं.

आणि शेवंती कुबल. देवबाग. चौथी.
एक्कावन्नाव्या वर्षी मत्स्यव्यवसायाची पदविका हवी,
कारण गटाच्या कालवशेतीच्या कागदांवर
अध्यक्ष ती, पण सही पुतण्याची चालायची.
पाचवा रकाना कोराच. उठता उठता
घड्याळाकडे बघून म्हणाली,
‘आज पंचमी. पावणेचाराक पाणी भरतला.’
कसं काढलंत?
‘तिथीची पाऊणकी करूची. आवशीन शिकवल्यान.’
पाच पाऊणे पावणेचार. आठ पाऊणे सहा.
म्हणत गेली पौर्णिमेपर्यंत, पंधरा पाऊणे सव्वाअकरा,
आणि मी कराडची, जिला समुद्र म्हणजे शाळेची सहल,
कॅल्क्युलेटरवर पडताळत होते.
सहाव्या तिथीला तो ठेवून दिला.

समिती म्हणाली, लेखी काय आहे?
मग पंधरा दिवस एक वही :
तिथी, तिचं गणित, आणि खाडीतल्या खुंटाला
खरोखर पाणी लागलं ती वेळ.
नवव्या दिवशी चाळीस मिनिटांचा फरक.
तिने खाडाखोड केली नाही. शेजारी लिहिलं,
‘दक्षिणेचो वारो. पाणी लवकर इला.’

चार श्रेयांक मागितले होते, दोन मिळाले.
दोन म्हणजे एक पेपर कमी, एक पावसाळा मोकळा.
हे आकडे आधीच सांगत जा. फुगवून सांगू नकोस,
ही माणसं वजनकाट्यावर वाढलेली आहेत.

सगळ्याला रकाना नसतो.
पास्कोल फर्नांडिसला आवाजावरून इंजिनाचा रोग कळतो,
त्याचे तीन मिळाले.
वादळात दोघांना पाण्याबाहेर ओढलं, त्याचं काही नाही.
तरी ते लिहून घे. फॉर्मची मागची बाजू कोरी असते.
तिथपर्यंत अजून कुणी वाचत नाही, पण लिहून घे.

दाखले झेरॉक्स करून दे, मूळ प्रत ठेवून घेऊ नकोस.
कपाटाची किल्ली खिडकीच्या चौकटीवर.
खुर्ची डावीकडे डुगडुगते, खाली पुठ्ठा आहे, तो असू दे.

येत्या शनिवारी द्वादशी.
बारा पाऊणे नऊ; म्हणजे सुकती दुपारी तीनला.
देवबागच्या बायका कालवांवर असतील,
पाचच्या आत कुणी येणार नाही.
केंद्र लवकर बंद करू नकोस.